फक्त जिबवर बोट: जाताना मजा, येताना हिशेब

छोट्या स्लूप बोटीला दोन शिडं असतात. डोलकाठीच्या मागे बूमला, म्हणजे आडव्या दांड्याला, बांधलेलं मोठं शीड म्हणजे मेनसेल. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, तिथून डोलकाठीवर चढत जाणाऱ्या तारेवर लावलेलं पुढचं शीड म्हणजे जिब. हेच शीड डोलकाठी ओलांडून मागेपर्यंत येण्याइतकं मोठं असलं, की त्याला जेनोआ म्हणतात. शिकवणीत दोन्ही शिडं एकत्र वापरायला शिकवतात, कारण बोटीचा आराखडा त्या दोघांना धरून केलेला असतो. पण किनाऱ्यावरून पाहिलंत तर सुट्टीच्या दिवशी मेनसेलचं कव्हरही न काढता नुसत्या जिबवर निघालेल्या बोटी हमखास दिसतात.

यात आळस आहे, पण तो समजण्यासारखा आहे. हल्ली बहुतेक बोटींवर जिब फर्लरवर, म्हणजे तारेभोवती शीड गुंडाळणाऱ्या यंत्रावर, गुंडाळलेलं असतं. मागे बसून एक दोरी सोडायची, दुसरी ओढायची, की अर्ध्या मिनिटात शीड उघडतं. मेनसेल चढवायचं तर बोट वाऱ्याच्या तोंडावर धरा, कुणाला तरी डोलकाठीपाशी पाठवा, फडफडणारं कापड सांभाळा. शिवाय मेनसेल नाही म्हणजे डोक्यावरून फिरणारी बूम नाही. लहान मुलं किंवा पहिल्यांदाच आलेले पाहुणे बोटीवर असतील तर हा फायदा फार मोठा.

मग अडचण कुठे येते? बोट वाऱ्याकडे वळवायला लागते तिथे. हे कळण्यासाठी थोडं यंत्रशास्त्र समजून घेऊ.

वारा शिडांना ढकलतो तो जणू एका बिंदूतून. दोन्ही शिडं वर असताना हा बिंदू डोलकाठीच्या थोडा मागे येतो. पाण्याखाली कील, म्हणजे बोटीच्या तळाला बसवलेलं उभं पातं, आणि सुकाणू मिळून बोटीला आडवं सरकू देत नाहीत. त्या विरोधाचाही एक बिंदू असतो, साधारण कीलच्या आसपास. हे दोन बिंदू जवळजवळ वर-खाली असले की बोट सुकाणूवर फारसा जोर न लावता सरळ चालते. मेनसेल उतरवलं की वरचा बिंदू एकदम पुढे, नाळेकडे जातो. वारा आता नाळेला आडवं ढकलतो, कील मागे घट्ट धरून ठेवते, आणि नाळ वाऱ्यापासून दूर वळू लागते. याला ली हेल्म म्हणतात. बोट सरळ ठेवायला सुकाणूचा दांडा सतत वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला दाबून धरावा लागतो.

हा निव्वळ हात दुखण्याचा प्रश्न नाही. दोन्ही शिडांवर नीट जुळवलेली बोट सुकाणू सोडलं तर आपोआप वाऱ्याकडे तोंड करते आणि थांबते. चालवणारा घसरून पडला तरी बोट स्वतःला आवरते. जिबवरची बोट याच्या उलट वागते: दांडा सुटला की वाऱ्याकडे पाठ करते, वेग घेते आणि निघून जाते. पाण्यात पडलेल्या माणसाच्या दृष्टीने हा फरक किती मोठा, ते सांगायला नको. त्यात परत येऊन त्याच्याजवळ बोट स्थिर उभी करणंही जिबवर अवघड. जिब उलटं भरून आणि मेनसेल सैल ठेवून बोट जागीच डुलत ठेवण्याची जी युक्ती असते, तिच्यातला अर्धा भाग इथे गायब आहे. म्हणून जिबवर जाताना लाइफजॅकेट आणि मागे बसणाऱ्याची सेफ्टी लाइन यांबाबत मी तरी तडजोड मानत नाही.

सगळ्याच बोटींना हा त्रास सारखा होत नाही. मोठा जेनोआ डोलकाठीच्या बराच मागे येतो, त्यामुळे त्याचा बिंदूही मागे असतो आणि बोट बऱ्यापैकी समतोल राहते. छोटं जिब असलेल्या बोटीत मात्र मेनसेलच मुख्य इंजिन असतं. तिथे नुसत्या जिबवर फारसं काही हाती लागत नाही. चालवणाऱ्याच्या हातातही दोन-तीन उपाय आहेत. माणसांना पुढे बसवा: नाळ थोडी बुडाली की पाण्याखालचा बिंदू पुढे सरकतो. बोटीला वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला थोडं कलू द्या. कललेली बोट आपणहून वाऱ्याकडे वळू पाहते, आणि ली हेल्म काही अंशी फिटते. डिंगीवर, म्हणजे लहान उघड्या बोटीवर, कीलऐवजी असलेली मधली फळी वर-खाली होत असेल तर ती पूर्ण खाली ठेवा. अर्धी वर घेतलेली फळी मागे झुकते आणि त्रास वाढवते.

वारा मागून असला की हीच मांडणी फायद्याची होते. पुढून ओढलेली हातगाडी सरळ येते, मागून ढकललेली भरकटते. जिबवरची बोट पहिल्या प्रकारची. मेनसेल असताना मागच्या वाऱ्यात बोट सारखी वाऱ्याकडे फिरू पाहते, आणि चुकून जाइब झाला, म्हणजे मागचा वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला आला, तर बूम सर्रकन पलीकडे जाते. जिबला बूम नाही, जाइब म्हणजे एक शीट सोडून दुसरी ओढणं. शीट म्हणजे शिडाचा मोकळा कोपरा धरून ठेवणारी दोरी. जिबला अशा दोन असतात, दोन्ही बाजूंना एकेक. वारा अगदी बरोबर मागून आला तर मात्र जिब लाटांबरोबर पडतं आणि पुन्हा झटका देऊन भरतं. तेव्हा दिशा वीस-पंचवीस अंश बदलून वारा जरा तिरका घ्यावा, किंवा पोल लावून शिडाचा कोपरा बाहेर धरावा.

आता खरं उदाहरण घेऊ. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत साडेसात नॉटिकल मैलांच्या आसपास, दिशा दक्षिण-आग्नेय. ऑक्टोबरपासून मेपर्यंत दुपारी मुंबई बंदरात जे खारे वारे सुटतात ते बहुधा वायव्येचे. म्हणजे मांडव्याला जाताना वारा जवळजवळ पाठीवर, थोडा तिरका: जिबला याहून चांगली दिशा मिळणार नाही. १५ नॉटचा वारा (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) आणि चोवीस-पंचवीस फुटी बोट असेल तर पाच नॉट वेग सहज मिळतो आणि दीड तासात मांडवा येतो. बोटीवर वाराही हलका वाटतो, कारण आपण त्याच्याच दिशेने पळत असतो. १५ पैकी साडेदहा-अकरा नॉटच जाणवतात. सगळे खुशीत असतात. मेनसेल कशाला लागतं, असं कुणीतरी म्हणतंच.

परतीला बोट वळवली की त्याच १५ नॉटच्या वाऱ्यात साडेसतरा नॉट तोंडावर येतात. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे येताना तो जाताना होता त्याच्या पावणेतीन पट. वारा वाढलेला नाही, फक्त आपली दिशा बदलली आहे. आणि गेटवे आता वाऱ्याच्या दिशेपासून जेमतेम २४ अंशांवर आहे. कुठलीच शिडाची बोट इतकी वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, म्हणून वारा आलटून-पालटून दोन्ही बाजूंना घेत नागमोडी, टॅक करत जावं लागतं.

इथे कोन महत्त्वाचा. दोन्ही शिडं नीट लावलेली बोट वाऱ्यापासून ४५ अंशांवर चालते असं धरू. त्या हिशेबाने परतीचं अंतर सुमारे पावणेदहा मैल होतं. पाच नॉटने दोन तासांपेक्षा कमी. नुसत्या जिबवर नाळ ५० अंशांवर ठेवली तरी वेग कमी असल्यामुळे कीलची पकड कमी होते, बोट आडवी सरकते, आणि प्रत्यक्षातली वाट ६० अंशांची होते. आता अंतर पावणेचौदा मैल आणि वेग चार नॉट, म्हणजे जवळपास साडेतीन तास. पंधरा अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याने आणि कमी वेगाने मिळून परतीचा वेळ दुप्पटीच्या जवळ नेला.

हे भरती-ओहोटी न धरता. चार नॉटने ६० अंशांवर चालणारी बोट वाऱ्याच्या दिशेने तासाला फक्त दोन मैल पुढे जाते. समोरून ओहोटीचा दोन नॉटचा प्रवाह आला तर? शिडं भरलेली, नाळेशी पाणी उसळतंय, सगळे भिजलेत, आणि किनाऱ्यावरची खूण तासाभराने तिथल्या तिथेच. नवखा माणूस अशा वेळी शिडाला दोष देतो. दोष वेळेच्या निवडीत असतो.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला हा आकडा सव्वाअकरा येतो, म्हणजे पूर्ण भरती दुपारच्या अलीकडे-पलीकडे. हा अंदाज आहे, बोट सोडण्याआधी छापील तक्ता बघायचाच. पण या अंदाजावरून एक गोष्ट लगेच ध्यानात येते. उधाणाच्या दिवसांत, जेव्हा मुंबईत भरती साडेचार मीटरच्याही वर जाते आणि प्रवाह सर्वांत जोरात असतो, तेव्हा दुपारनंतर संध्याकाळपर्यंत ओहोटीच चालते. नेमकी आपल्या परतीच्या वेळी, नेमकी उलट्या दिशेने. याउलट दशमी-एकादशीला ओहोटी दुपारी एक-दोनच्या सुमारास संपते. बाराला निघालात तर ओहोटीचा शेवट मदतीला, मांडव्याजवळ पाणी थांबतं, आणि परतताना भरती तुम्हाला आत घेऊन येते. एक नॉटचीच मदत मिळाली तरी साडेतीन तासांचे सव्वादोन-अडीच होतात. मला विचाराल तर जिबवरच्या सहलीचा दिवस रविवार बघून नव्हे, तिथी बघून ठरवावा.

भरतीची मदत फुकट मिळत नाही. वायव्येचा वारा आणि उत्तरेकडे चाललेलं पाणी एकमेकांना भिडतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. जिबवरच्या बोटीला या लाटा नकोशा असतात, कारण प्रत्येक लाट वेग खाते आणि टॅक करायला वेगच लागतो.

टॅक म्हणजे नाळ वाऱ्याच्या रेषेतून पलीकडे नेणं. मेनसेल असताना ते मागून ढकलून नाळ वर आणायला मदत करतं. जिबवर ही मदत नाही, म्हणून बोट अर्ध्यात थांबून मागे पडते. उपाय असा. आधी वाऱ्यापासून थोडं दूर वळा आणि वेग जमवा. वाऱ्याला चिकटून चालता चालता टॅक करायला गेलात तर फसणार. लाटांमध्ये जरा सपाट जागा बघा. मग सुकाणू ठामपणे पण एका झटक्यात नव्हे, असं फिरवत न्या. एकदम आडवं टाकलेलं सुकाणू ब्रेकसारखं काम करतं. नाळ वाऱ्याच्या रेषेवर आली की बहुतेकांचा हात शीट सोडायला शिवशिवतो. सोडू नका. जुनी शीट धरून ठेवली की जिब उलट्या बाजूने भरतं आणि नाळेला पलीकडे ढकलतं. आपल्याला हवं तेच. नाळ रेषा ओलांडून चांगली पुढे गेल्यावरच जुनी शीट सोडा आणि नवी भराभर ओढा. मात्र लगेच घट्ट नाही. आधी सैल शिडावर वेग येऊ द्या, मग हळूहळू आवळत वाऱ्याकडे चढा. थांबलेल्या बोटीवर आवळलेलं जिब तिला फक्त आडवं सरकवतं.

तरीही अडकलात, नाळ वाऱ्याच्या तोंडात आणि बोट मागे चाललेली, तर घाबरण्यासारखं काही नाही. बोट मागे जात असताना सुकाणूही उलटं चालतं: दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याच बाजूला नाळ जाते. नाळ उजवीकडे न्यायची असेल तर दांडा उजवीकडे ढकला आणि जिबचा कोपरा डावीकडे ओढून धरा. काही क्षणांत बोट वळते.

दुसरा मार्ग टॅक टाळण्याचा. वाऱ्याकडे न वळता वाऱ्याला पाठ दाखवून पूर्ण वळसा घ्यायचा, म्हणजे जाइब करायचा. पन्नास-शंभर मीटर गमावले जातात, पण बूम नसल्याने धोका जवळपास नाही आणि तो फसत नाही. याला कमीपणा मानणारे लोक भेटतात. त्यांनी कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या मचव्यांकडे पाहावं. तिरक्या लांब परबाणाला, म्हणजे शिडाच्या काठीला, बांधलेलं ते एकच मोठं शीड वाऱ्याच्या तोंडावरून फिरवणं कटकटीचं, म्हणून ते लोक बहुधा वाऱ्याला पाठ देऊनच वळत. आजूबाजूला जागा असेल तर वळसा घ्यावा. बंदरात मात्र एका बाजूला मोठ्या जहाजांची वाट आणि कुलाब्याच्या टोकाला प्रॉन्ग्जचा खडक. रुंद कोनांवर चालणारी बोट या दोन्हींकडे लवकर पोचते, तेव्हा पुढचं वळण कुठे घ्यायचं ते आधीच ठरलेलं हवं.

वारा वाढला की जिब अर्धं गुंडाळून ठेवायची सोय असते आणि ती मोहात पाडते. गुंडाळलेल्या जिबचा आकार बिघडतो: पुढची कड जाड आणि मधला पोटाचा भाग फुगलेला. फुगलेलं शीड ओढतं चांगलं, पण वाऱ्यावर चढू देत नाही. निदान शीट जिथून वळते तो कप्पीचा ठोकळा पुढे सरकवावा. शिडावरच्या लोकरीच्या धाग्यांपैकी वरचे आधी फडफडू लागले तर ठोकळा अजून पुढे हवा, खालचे आधी फडफडले तर तो जास्तच पुढे गेला. मागची तार आवळता येत असेल तर आवळावी. मेनसेल आणि त्याची शीट एरवी डोलकाठीला मागे ओढून धरतात. ती नसताना जिबची तार झोल खाते आणि शीड आणखी फुगतं. जोराच्या वाऱ्यात आणि आखूड लाटांत डोलकाठीचा मधला भाग पुढेमागे पंप होताना दिसला तर तो इशारा समजा. मेनसेल त्या मधल्या भागालाही आधार देत असतं.

म्हणून माझं मत असं: जायचं तर जिबवर खुशाल जा, पण मेनसेलचं कव्हर काढून, हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) लावून, दोन रीफ बांधून, म्हणजे शीड खालून दोनदा दुमडून लहान करून, तयार ठेवा. परतीला वळण्याआधी ते चढवा. रीफ केलेलं मेनसेल आणि थोडं गुंडाळलेलं जिब ही जोडी वाऱ्यावर चढताना पूर्ण उघडलेल्या एकट्या जिबपेक्षा बोटीला जास्त शांत ठेवते. सूर्य कलला की खारा वारा पडतो, हेही लक्षात असू द्या. साडेतीन तासांची परत तीन वाजता सुरू केली तर हिवाळ्यात शेवटचा भाग तिन्हीसांजेला आणि वाऱ्याविना. बोटीला इंजिन असेल तर ते यासाठीच.

याउलट, इंजिनवर चालत असतानाही जिब कधी बांधून टाकू नये. खडकांजवळ किंवा जेटीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं तर अर्ध्या मिनिटात उघडणारं हेच एक शीड आहे. वारा अगदी समोरून नसला, तर तेवढ्याने बोट हाताखाली राहते.

एक काम असं आहे जे एकट्या जिबवरच करावं. ते म्हणजे वारा आणि प्रवाह उलट असताना मूरिंगच्या बोयावर, म्हणजे बोट बांधायला नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणेवर, जाणं. भरतीत गेटवेसमोरच्या कील असलेल्या बोटी प्रवाहाकडे, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहतात आणि वायव्येचा वारा त्यांच्या मागून येतो. बोया गाठायचा तर आपणही प्रवाहाच्या विरुद्ध यायला हवं, म्हणजे वारा पाठीवर. अशा वेळी मेनसेल वर असेल तर बोट थांबतच नाही, कारण मागून भरलेलं मेनसेल कितीही सोडलं तरी रिकामं होत नाही. म्हणून बोयाच्या उत्तरेला जायचं, मेनसेल तिथेच उतरवायचं, वळायचं आणि नुसत्या जिबवर खाली यायचं. पाणी दोन नॉटने समोरून येतंय, बोट पाण्यात दोन नॉटने चालतेय. बोयाच्या हिशेबाने ती उभी. पुढे जायचं तर जिब हातभर उघडा, वेग जास्त वाटला तर हातभर गुंडाळा. पुढच्या माणसाला बोया हुकने पकडायला भरपूर वेळ मिळतो. दोरी खुंटीला बसली की त्याने ओरडून सांगावं, आणि मागच्याने ते ऐकल्यावरच शीट सोडून उरलेलं जिब गुंडाळावं.